वाळायला ठेवलेलं लाकूड

"कोणी बुजवल्या या फटी?"

हातातली बॅग खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. अंगणात तिचा ट्रेलर उभा होता, मोटारीमागे जोडून न्यायचा, आत झोपायची सोय असलेला, चाळीस वर्षांचा म्हातारा. छताच्या कडेने सिलिकॉनची पांढरी रेघ फिरली होती. आतल्या उघड्या भिंतीवर नवं प्लायवूड आणि खिडक्या घट्ट बंद.

नवरा हसत पुढे आला. निवृत्त हेडमास्तर, गल्ली त्यांना सर म्हणे. "कसं वाटलं? तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन माणसं लावली. संध्याकाळपर्यंत काम फत्ते! तू दोन वर्षं नुसता घोळ घालत बसली होतीस."

"लाकूड ओलं होतं, म्हणून फटी उघड्या ठेवल्या होत्या मी. दारावर चिठ्ठीही लावली होती. वाचता येतं ना तुम्हाला?"

"वाचली गं. म्हटलं, वाळत घालायला ते काय धुणं आहे?"

बहिणीच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे म्हणून ती दीड महिना तिकडे राहिली होती. दीड महिना ते ओलं लाकूड बंद डब्यात, उन्हात उकडत होतं. तिने पेचकस घालून प्लायवूड उचकटलं. भपकन वास आला. दोन वर्षं एकेक करून खरवडलेल्या, जपलेल्या सांगाड्याच्या लाकडी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. नख लावलं तर आत रुतत होतं.

चौतीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरात नर्स होती. तिथे तिने कधी आवाज चढवला नव्हता. आज चढला.

"आत पू असताना जखम शिवतात का हो?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना! या वयात शिडीवर चढतेस..."

"भलं? घर कुठे घ्यायचं तुम्ही ठरवलंत. मुलीची शाळा तुम्ही. माझी नोकरी कधी सोडायची, तेही तुम्हीच! हा एवढा एक डबा माझा होता. फोन करून विचारायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

तिने बहिणीला फोन लावला. "पुढच्या महिन्यात ट्रेलर घेऊन आपण निघत नाही."

"अगं, मी पिशवी भरलीसुद्धा! आत्ता कुठे स्वच्छ दिसायला लागलंय. यंदा नाही, तर मग कधी?"

"लाकूड सडलं," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

पदर खोचून तिने करवत घेतली आणि शिडी लावली. ते लगबगीने आले. "धरू का?"

"हात लावायचा नाही."

"मग मी काय करू?"

चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. त्याचाही तिला रागच आला.

"काही करू नका. नुसते उभे राहा."

ते उभे राहिले. सडलेला भुगा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर पडत राहिला.

कुंपणापलीकडून शेजारी डोकावले. "काय सर, चांगली झालेली गाडी परत फोडताय? दांडगा उत्साह बुवा तुमचा!"

सरांनी खाकरून घसा साफ केला. "गाडी हिची आहे. मी वाट लावली तिची."

तिने ऐकलं. मान वळवली नाही. दुसरी पट्टी अजून अर्धी कापायची होती, आणि ओल्या लाकडात करवत सारखी अडकत होती.