ड्रायव्हरच्या मागची सीट

ग्रंथपालबाईंनी सहलीचं माहितीपत्रक जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि त्यावर हात ठेवून नवऱ्याला अट घातली.

"बसमध्ये तोंड मिटून बसून दाखवा. जमलं, तर दुसऱ्या सीटवर तुमचं नाव. नाही जमलं, तर मी धाकटीला घेऊन जाते."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. ती तर देव पाण्यात घालूनच बसली होती. तिने लोकरीची टोपीही आणून ठेवली होती, सहल भर उन्हाळ्यातली आहे हे कुणी सांगितलं तरी तिला पटत नव्हतं.

सहल बारा दिवसांची होती. कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम, शेवटी बोटीने हेलसिंकी. ही शहरं बाईंना पाठ होती. वाचनालयातली त्या शहरांवरची पुस्तकं सत्तावीस वर्षं त्यांनी शिक्का मारून दुसऱ्यांच्या हातात दिली होती, आणि परत आली की हळूच चाळली होती. पण खरी गोष्ट वेगळीच होती. त्यांचे यजमान बसड्रायव्हर. डेपोत सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणत. संसारात जेवढ्या सहली झाल्या, तेवढ्या सगळ्यांत उस्ताद पुढे स्टिअरिंगवर आणि बाई मागे पोरांबरोबर. चौतीस वर्षं बाईंनी डोंगर पाहिले, समुद्र पाहिला, आणि दरवेळी त्यांच्या आड नवऱ्याची मान पाहिली. आता उस्ताद निवृत्त झाले होते. निदान एकदा तरी त्यांनी आपल्या शेजारी बसावं, एवढीच बाईंची इच्छा होती. नवऱ्यासमोर मात्र त्या असलं काही बोलल्या नव्हत्या. उगाच शेफारायचे.

अडचण एवढीच की उस्तादांना शेजारी बसताच येत नव्हतं. गेल्या महिन्यात पुतणीच्या घरी जाताना ते आयुष्यात पहिल्यांदा लांबच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसले. पहिल्या तासात त्यांनी ड्रायव्हरला अकरा सूचना केल्या. दुसऱ्या तासात ड्रायव्हरने बस कडेला घेतली, किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाला, "घ्या काका, तुम्हीच चालवा."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. उस्ताद किल्ली घेऊन उठले! बाईंनी शर्ट धरून खाली ओढलं, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

"परदेशातल्या ड्रायव्हरला तुमची भाषा तरी कळणार आहे का?" बाईंनी विचारलं होतं.

"अगं, ब्रेकला भाषा लागत नाही."

म्हणून ही अट. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत सहलीच्या ऑफिसात दुसरं नाव द्यायचं होतं. तोवर रोज एक फेरी, गावातल्या बसने, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सोमवारी उस्तादांनी मिठाची गुळणी धरली खरी, पण पाय कुठला ऐकतोय! दर सिग्नलला उजवा पाय फळीवर असा दाबला जाई की पुढच्या सीटवरची बाई वळूनवळून पाहू लागली. मंगळवारी घसा खाकरणं झालं. बुधवारी चढ लागला आणि उस्तादांच्या तोंडून "दुसरा गिअर टाक, दुसरा" निसटलं.

"मी स्वतःशी बोललो," उस्ताद म्हणाले.

"अख्खी बस ऐकत होती."

"मग ड्रायव्हरने टाकला का दुसरा? नाही ना? म्हणजे कुणी ऐकलंच नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. गुरुवारी, शुक्रवारी उस्तादांनी डोळे मिटून पाहिलं, तर इंजिनाच्या आवाजावरून त्यांना जास्तच कळायला लागलं. बाईंनी धाकटीला फोन करून तिच्या पासपोर्टचा नंबर उतरवून घेतला. फोन ठेवल्यावर नंबराचा कागद त्यांनी फॉर्मखाली सरकवला. त्या कागदाचा त्यांना रागच आला.

शनिवारची शेवटची परीक्षा म्हणजे ऑफिसकडे जाणारी बसच. बाईंच्या पर्समध्ये फॉर्म होता, त्यात दुसऱ्या नावाची ओळ रिकामी. उस्ताद खिडकीशी बसले. ड्रायव्हर नवखा दिसत होता. बाजारपेठेतला रस्ता खोदलेला, म्हणून बस वळणरस्त्याने निघाली आणि पुढच्या चौकात डावीकडे घ्यायच्या ऐवजी सरळ गोदामांच्या रस्त्याला लागली.

बाईंनी पर्समधला फॉर्म चाचपला. संपलं सगळं. हे पाहून उस्ताद गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी भीतभीत शेजारी पाहिलं.

उस्ताद झोपले होते.

आधी बाईंना ते सोंग वाटलं. पण तोंड अर्धवट उघडं, उजवा पाय सैल, हात मांडीवर पालथे. गाडी सुरू असताना हा माणूस कधी झोपला नव्हता. लोक झोपायचे, कारण हा जागा असायचा. बघताबघता त्यांचं डोकं घरंगळलं आणि बाईंच्या खांद्यावर टेकलं. बाईंना एकदम भरून आलं. एवढा थकलेला होता हा माणूस, आणि आपण त्याची परीक्षा घेत बसलो!

घड्याळात साडेपाच झाले होते. बस भलतीकडे धावत होती. उठवलं तर रस्ता उस्ताद चुटकीसरशी सांगतील. पण त्यांना उठवायला बाईंचा हात होईना. आणि खरं तर गरजही नव्हती. चौतीस वर्षं रोज जेवताना उस्तादांकडून ऐकलेला या गावचा प्रत्येक खड्डा बाईंनी भाजीबरोबर तोंडी लावला होता.

"ड्रायव्हरदादा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "पुढून डावीकडे घ्या."

"मला माहीत आहे, बाई."

"माहीत असतं तर गोदामं बघायला आणलं नसतं आम्हाला. डावीकडे! आणि हळू, तिथे गतिरोधक आहे, रंग उडालाय त्याचा."

पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळले. "बाई, ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी आहे समोर."

जन्मभर लोकांना 'शांतता राखा'ची पाटी बोटाने दाखवणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हळू बोला. माणूस झोपलाय." मग पुन्हा पुढे, "दादा, आता गिअर बदला, चढ आहे. अहो ब्रेक! ब्रेक!"

त्यांचा उजवा पाय फळीवर कचकन दाबला गेला होता.

सहाला दहा कमी असताना बस ऑफिससमोर थांबली. उस्ताद दचकून जागे झाले आणि त्यांचा चेहरा पडला. "मी झोपलो? चालत्या गाडीत?" मग घाबरत, "काही बोललो का गं?"

"घोरलात. ते बोलण्यात धरत नाही."

उतरताना ड्रायव्हर उस्तादांना म्हणाला, "काका, कसं सहन करता हो तुम्ही?" उस्तादांना काही कळलं नाही. बाई पुढे निघून गेल्या होत्या.

ऑफिसातल्या मुलीने फॉर्म पाहिला. दुसऱ्या ओळीत बाईंनी नवऱ्याचं नाव लिहिलं, गेले सहा दिवस ते लिहायचंच होतं अशा ठसठशीत अक्षरात.

"सीट कुठल्या देऊ? तुम्ही फोनवर सगळ्यात मागच्या म्हणाला होतात," मुलगी म्हणाली.

"हो, मागच्याच बऱ्या," उस्ताद खाली मान घालून म्हणाले. "तिथून पुढचं दिसत नाही."

"मागच्या नकोत," बाई म्हणाल्या. "ड्रायव्हरच्या मागच्या द्या. खिडकीशी हे बसतील."

उस्तादांनी मान वर केली. "अगं, मी? ड्रायव्हरच्या मागे? बारा दिवस?"

"तुम्ही आपले झोपा," बाई म्हणाल्या. "रस्त्यावर मी लक्ष ठेवते."