तोंडातले खिळे

“एका खुर्चीसाठी कॉम्प्रेसर?” मी विचारलं. “काका, मी विकायलाच बसलोय, पण जरा विचार करा.”

“केलाय,” काका म्हणाले. “एकच खुर्ची. पुढे कधीमधी काही निघालं तर निघालं.”

माझं अवजारांचं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे घासाघीस करून माझा जीव खातात, आणि उरलेले मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेले असतात. त्यांना घराच्या मागच्या खोलीत अख्खा कारखाना उभा करायचा असतो. काका या दोन्हींतले नव्हते. त्यांनी जन्मभर सोफे आणि खुर्च्या मढवल्या, त्याही साध्या हातोडीनं. माझ्या दुकानात यायचे ते बारीक खिळ्यांचं पुडकं न्यायला. तेच आता हवेवर चालणारी पिनांची गन मागत होते, आणि तीही स्वस्तातली.

“हातोडी रुसली वाटतं?” मी चिडवलं.

“हातोडी आहे हो. कापड धरणारी नाहीये.”

मग त्यांनी सांगितलं. काकू न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शुक्रवारी घरी सोडणार होते. बसायची जागा उंच हवी, खाली बसवायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. काकूंची खिडकीजवळची खुर्ची तर बसून बसून पार खचलेली. तिला जाड फोम घालून नवं कापड चढवायचं होतं, आणि ते शुक्रवारच्या आत. पण लग्न झाल्यापासून समोरून कापड ताणून धरायच्या त्या काकूच. एका हातानं कापड ताणायचं आणि वर खिळा धरून हातोडीही मारायची, तर माणसाला तीन हात लागतात. गन असली की दोन पुरतात.

मी फळीवरचा मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर दाखवायला निघालो होतो, तो परत फिरलो.

“मग मोठं काही घेऊ नका,” मी म्हटलं. “ग्राइंडर चालवायचा असता तर सतत हवा लागली असती. पिनेला काय, एक घोट पुरतो. टाकी लहान घ्या. बिनतेलाची घ्या, तिची निगा कमी. पैसे घालायचे ते गनमध्ये घाला, ती हातात राहणार.”

“आणि जुनी टाकी चालेल का? भंगारवाल्याकडे एक बघितली.”

“ती मात्र नको. आतून गंजली असेल तर बाहेरून कळत नाही आणि एक दिवस फुटते. काकू घरी यायच्यात ना?”

ते ऐकून काका लगेच नव्या टाकीवर आले. मी एका फळकुटावर गन चालवून दाखवली, मग त्यांच्या हातात दिली. त्यांनी खटका दाबला आणि दचकून मागे सरले.

“झालं? एवढ्यात?”

“एवढ्यातच.”

“म्हणजे तोंडात खिळे धरायला नकोत?”

“पिना गनमध्येच भरायच्या, काका.”

“अरे देवा,” काका म्हणाले, “मग मला बोलावं लागेल की!”

हे मढवणारे लोक मूठभर खिळे तोंडात टाकतात आणि जिभेनं एकेक पुढे ढकलून ओठांत आणतात, म्हणजे हात अडकत नाही. काकांचं निम्मं आयुष्य तसंच गेलं होतं. काकू कापड धरून जगातलं सगळं बोलायच्या आणि काका नुसतं हूं म्हणायचे. “लोक म्हणायचे, तुमचं भांडण कसं होत नाही? होणार कसं? माझं तोंड खिळ्यांनी भरलेलं!” ते स्वतःच हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी मी स्वतः काकांच्या घरी गनची नळी जोडून द्यायला गेलो. मागच्या खोलीत टेबलावर काकूंची खुर्ची उलटी पडली होती. जुनं कापड उसवताना तिच्या पोटातून निघालेल्या वस्तू काकांनी एका बशीत मांडून ठेवल्या होत्या. केसांचे आकडे, पेनाचं टोपण, चष्म्याची काडी.

“ती म्हणायची, ही खुर्ची वस्तू गिळते. मी म्हणायचो, तू वेंधळी आहेस. आता ही बशी दाखवली की महिनाभर मला सुखानं जगू देणार नाही.”

“काका, मी धरतो ना कापड. आलोच आहे तर.”

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि मान हलवली. “शेठ, राग मानू नका. तुम्हाला नाही जमायचं. कुठे ताणायचं, कुठे सैल सोडायचं, ते तिला न सांगता कळतं.”

मी काही राग मानला नाही. काम झालं की टाकीच्या खालचा नळ उघडून आत साचलेलं पाणी काढत जा, एवढं सांगून निघालो.

बुधवारी त्यांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद होता. “शेठ, मशीन झकास आहे. खुर्ची झाली, चांगली वीतभर उंच. खाली लावायचं काळं कापड तेवढं मुद्दाम ठेवलंय. ते ती आल्यावर हातोडीनं करीन. बसल्या जागेवरून धरेल की. सगळं तिच्याशिवाय उरकलं तर रुसून बसेल.”

गुरुवारी दुपारी काकू गेल्या. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली म्हणे. आदल्या संध्याकाळी त्या काठी धरून दारापर्यंत चालल्या होत्या. दुकानात मला कोणीतरी हे सांगितलं तेव्हा मी गिऱ्हाइकाला पाने दाखवत होतो. पाना हातात तसाच राहिला आणि मला रडू आलं. मी काकूंना दोन-चारदाच भेटलो होतो. रडू आलं ते त्या खुर्चीचं.

काही दिवसांनी भेटायला गेलो. दार त्यांच्या लेकीनं उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते.

“बाबा त्या दिवसापासून एक शब्द बोललेले नाहीत,” ती हळूच म्हणाली. “जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात. रडतसुद्धा नाहीत. मला भीती वाटते हो. तुम्ही बघा काही बोलतात का.”

मागच्या खोलीत खुर्ची टेबलावर उलटी होती. गन कोपऱ्यात होती, नळी नीट गुंडाळलेली. बशी तशीच भरलेली. काका हातात काळं कापड घेऊन उभे होते. तोंड खिळ्यांनी भरलेलं. मला पाहून त्यांनी मानेनंच ‘बसा’ अशी खूण केली.

मी टेबलाच्या पलीकडे गेलो आणि कापडाची कड धरली. वाटलं, नको म्हणतील. त्यांनी माझी बोटं धरून थोडी डावीकडे सरकवली आणि ओठांतून पहिला खिळा काढला.

हातोडीचे ठोके पडू लागले. मग आठवलं, धरणाऱ्यानं बोलायचं असतं. मी बोलू लागलो. दुकानासमोरचा रस्ता पुन्हा खणलाय. आमच्या घरी नळ गळतोय आणि माझंच अवजारांचं दुकान असून मी तो दुरुस्त करत नाही, म्हणून बायको बोलून बोलून मला हैराण करते.

“हूं,” काका म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या लेकीनं पदर तोंडाला लावला. मी थांबलो नाही. व्हिडिओ बघून येणाऱ्यांचं सांगितलं, शेजारच्या दुकानदाराचं सांगितलं. माझा हात सैल पडला की काका हातोडीच्या दांड्यानं टेबलावर टकटक करायचे, आणि मी ताणायचो. कडेनं खिळ्यांची रांग सरळ पुढे सरकत होती. मग शेवटचा खिळा बसला.

काकांनी हातोडी खाली ठेवली. त्यांचं तोंड आता रिकामं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले. मी वाट पाहिली. लेकही पाहत होती.

त्यांनी डबा ओढला, मूठभर खिळे घेतले आणि तोंडात टाकले. हातोडी उचलून ते माझ्याकडे बघत उभे राहिले.

खिळा मारायला कुठेही जागा उरली नव्हती. मी ठोकून झालेली कड पुन्हा दोन्ही हातांनी धरली आणि आमच्या गळक्या नळाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागलो.