चिकटवलेल्या काड्या

विज्ञान प्रदर्शनात काहीही हलता कामा नये, असं आमच्या मुख्याध्यापकांचं ठाम मत होतं.

घाटकोपरच्या महापालिकेच्या शाळेत मी सहावीला विज्ञान शिकवायचे. प्रयोगशाळेच्या नावाने बोंब. म्हणून माझ्या वर्गातल्या सुलक्षणाने आणि मी आइसफ्रूटच्या काड्या जमवल्या, धुतल्या, वाळवल्या. एक काडी वाकवून दुसरीखाली अडकवायची, दुसरी तिसरीखाली. शेवटची सोडली की सगळी साखळी तडतडत उडते.

"बाई, काडीत एवढा जोर आला कुठनं?"

"तू वाकवलीस ना? तुझ्याच बोटांतला. तो आत साठून राहिला."

"म्हणजे माझा जोर आहे हा!" असं म्हणून तिने टोक सोडलं आणि काड्या पार फळ्यापर्यंत उडाल्या. इतकी हुशार पोर माझ्या हाताखाली पुन्हा आली नाही.

तिचे वडील गुणाजी गिरणीत होते. संपाला वर्ष होत आलं, तेव्हा ते सुलक्षणाला शाळेतून काढून खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात घालायला निघाले. मी त्यांच्या हातापाया पडले. शेवटी ते म्हणाले, "इज्ञानात नंबर काढल्यान तर शिकांदे. नायतर नाय."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दोनशे काड्यांची साखळी टेबलावर तयार होती. तेवढ्यात मुख्याध्यापक आले.

"नलिनीबाई, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राचे साहेब येतायत परीक्षक म्हणून. काडी डोळ्यात गेली तर माझी वाट लागेल. चिकटवून टाका."

"सर, मग प्रयोग कसला राहिला?"

"दिसायला छान दिसतो ना? मग झालं!"

माझी बढती त्यांच्या शेऱ्यावर अडली होती. मी डिंक आणला. सुलक्षणाने माझा हात धरला. "बाई, नको ना." मी तिचा हात बाजूला केला आणि एकेक काडी स्वतः चिकटवली. लाज वाटत होती, तरी हात थांबले नाहीत.

साहेब भले होते. त्यांनी टोक ओढून पाहिलं. साखळी ढिम्म.

"यात ऊर्जा कुठे आहे, बाळ?" त्यांनी विचारलं.

सुलक्षणाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शाळेचं बक्षीस हुकू नये म्हणून मुख्याध्यापकांनी ते टेबल हस्तकला विभागात सरकवलं. तिथे तिचा पहिला नंबर आला.

दुसऱ्या दिवशी गुणाजी प्रमाणपत्र घेऊन शाळेत हजर. माणूस खूश होता, तेच मला सहन होईना.

"माज्या चेडवाच्या हाताक गुण आसा, बाईनू. कारखान्याच्या शेठाक ह्यो कागद दाखयलंय, तो उद्याच येवक सांगता. शाळेचो दाखलो तेवडो देवा."

"गुणाजी, तिला शिकू द्या हो."

"इज्ञानात खंय नंबर इलो?"

खरं सांगायला तोंड उघडलं, तर शेजारी मुख्याध्यापक उभे. मी तोंड मिटलं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. आमच्याकडे तो वर्गशिक्षिका भरायची. मी लिहिलं, 'घरची अडचण', आणि खाली सही केली.