भिंत कुठल्या हाताला

आईच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि बारा दिवसांनी, शुक्रवारी, घरी सोडू असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा साहेबांनी बाथरूमचं काम अंगावर घेतलं. 'साहेब' हे नाव धाकट्या बहिणीने ठेवलेलं. ऑफिसात त्यांना असं कोणी म्हणत नसे. आईची अट एकच होती. कोणाचा हात न धरता उठबस करता आली पाहिजे. ज्याच्या घरी ते जमेल, त्याच्या घरी ती राहणार.

कंत्राटदार नेमायचा नाही, हे आधीच ठरलं. तो नुसता उंटावरून शेळ्या हाकतो, असं साहेबांचं मत. ते काम मग त्यांनी स्वतःच, ऑफिसच्या खुर्चीवरून केलं. गवंडी, प्लंबर आणि फरशीवाला यांचा मोबाइलवर ग्रुप काढला. नियम असा, की झालेल्या कामाचा फोटो टाकायचा आणि साहेबांचा अंगठा आला की पुढे सरकायचं. फोन करायचा नाही. अंगठा चार-पाच सेकंदांत येई. फरशीवाल्याने एकदा चुकून मेहुण्याच्या स्कूटरचा फोटो टाकला, तोही मंजूर झाला.

मंगळवारी प्लंबरने ग्रुपवर विचारलं, "कमोडवर बसल्यावर भिंत डाव्या हाताला हवी की उजव्या? आज ठरवा, पाइप उद्या बुजणार."

साहेबांनी अंगठा दिला.

शुक्रवारी आई वॉकर टेकत आली, मागून पिशव्या घेऊन धाकटी. प्लंबर शेवटची तोटी आवळत होता. तो बाहेर येऊन उभा राहिला. बाथरूम लखलखत होतं. आई आत जाऊन बसली. तिच्या उजव्या हाताला भिंत आणि भिंतीवर आधाराची दांडी होती. डाव्या हाताला काचेची तावदानं, साहेबांच्या खास आवडीची.

दहा मिनिटं झाली.

"आई, झालं का?" साहेबांनी विचारलं.

"बसणं झालं. उठणं राहिलंय."

धाकटीने आत जाऊन तिला उठवलं.

"दांडी धरायची ना," साहेब म्हणाले.

"उजवीकडे जोर दिला की कापलेला पाय बोंबलतो. मला डावा हात टेकवायला हवा. तिकडे काच आहे. काचेला काय मिठी मारू?"

साहेब प्लंबरकडे वळले. "उजवीकडे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, साहेब. अंगठा दिलात."

"अहो, दोन गोष्टी विचारल्या होत्यात ना तुम्ही?"

"हो. म्हणून शेवटी लिहिलेली धरली."

"दादा, तू मंजुरी दिलीस, उत्तर नाही दिलंस," धाकटी म्हणाली. "घरात आई एक, पाय दोन. एवढा हिशोब तरी."

"मी सगळं वेळेत पूर्ण केलंय," साहेब म्हणाले. ते खरंच होतं.

"आता हलवता येईल?" आईने प्लंबरलाच विचारलं.

"फरशी फोडावी लागेल, आजी. दहा दिवस धरा."

आईने वॉकर दाराकडे वळवला. धाकटीला म्हणाली, "तुझ्याकडे चल. या प्लंबरला बरोबर घे, तुझ्याकडे दांडी बसवायला. आणि बाबा रे," ती प्लंबरकडे पाहून म्हणाली, "भोक पाडायच्या आधी मला बसवून बघ."