हिरवा होतो, लाल झालो

मी नकाशा बोलतोय. विरार पूर्वेला फुलपाड्याच्या वरच्या अंगाला टेकडीवर चाळी चढत गेल्यात. तिथल्या गणपती मंडळाच्या खोलीत माझं बिऱ्हाड. नद्या नि राजधान्या मिरवणारा नकाशा मी नव्हे. दरड कुठे कोसळू शकते, एवढंच मी सांगतो.

सुरुचीच्या संगणकात माझा जन्म झाला. कॉलेजात शिकलेली ही पोरगी, पण सगळी टेकडी पायाखाली घातली तिने. पूर्वी माती कुठे कुठे खचली, ते घरोघर विचारलं. त्या जागांचे ठिपके झाले. मग उतार किती, माती कसली, पाणी कुठे मुरतं, डोंगर कुठे खोदलाय, हे सगळं मांडलं. ठिपके यातल्या कशाच्या सोबतीने पडतात ते गणिताने शोधायचं आणि त्यावरून उरलेल्या टेकडीला रंग द्यायचा. लाल म्हणजे धोका जास्त, हिरवा म्हणजे कमी. मला स्वतःचे डोळे नाहीत. लोक दाखवतील तेच मला दिसतं.

आणि लोक काय दाखवतात? जयवंतीकाकींच्या घराला लागून गणपतीचा मांडव घालायची सपाट जागा आहे. सगळ्या चाळीचा तिच्यावर जीव. सुरुचीने विचारलं, एवढ्या उतारावर ही सपाट जागा आली कुठून? काकी म्हणाल्या, देवाने दिली.

कसला देव! फार वर्षांपूर्वी घरामागची दरड खाली आली होती. कोणाला लागलं नाही, म्हणून चाळीने तीच माती पसरली, चोपली आणि वर मांडव घातला. गप्प बसायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दरडीचं नाव काढलं तर सरकारी साहेबलोक घरं खाली करायला लावतील, ही भीती. भीती खरी होती, सांगितलेलं खोटं होतं.

झालं. मी छापून आलो तर घरांची अख्खी रांग हिरवीगार. काकींनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

मग काकींचा विघ्नेश माझ्यापुढे उभा राहिला. त्याचं लग्न ठरलेलं. दरड आली तेव्हा तो रांगत होता, त्याला काही ठाऊक नाही. हिरव्यावर बोट ठेवून म्हणाला, "आई, आता बिनधास्त मागे खोदून खोली काढू. मला नि रेवाला तेवढी पुरे."

काकींनी थाप मारली होती साहेबलोकांसाठी, भरवसा ठेवला पोटच्या पोराने.

दुसऱ्या दिवशी काकींनी सुरुचीला बोलावून घेतलं नि हाताला धरून मांडवाच्या जागेवर नेलं.

"पोरी, तू उभी आहेस ना, ती दरडच आहे. लपवली आम्ही. तो रंग बदल."

"काकी, लाल झालं तर चाळ तुमच्यावर चिडेल."

"चिडू दे. जिवंत माणसंच चिडतात."

चिडलेच. विघ्नेश आईशी बोलेना. शेजारची बायजा भर नळावर भांडली. पण भांडून झाल्यावर तीच सुरुचीकडे गेली नि आपल्या मोरीमागे खचलेली माती दाखवून आली. तिच्यामागून बाकीच्या बायका. ठिपके वाढले, गणित नव्याने मांडलं आणि मी दुसऱ्यांदा छापून आलो. लालेलाल.

घरं कोणी पाडली नाहीत. चाळीने वरून चर खणून पाणी वळवलं. मोठ्या पावसाचा इशारा आला की लाल रांग शाळेत मुक्कामाला जाते. विघ्नेश नि रेवाने खाली सपाटीवर भाड्याने खोली घेतली. यंदा सगळे शाळेत असताना मागची माती पुन्हा आली, जिथे खोली व्हायची होती बरोबर तिथे. मातीखाली गाडलं काय गेलं, तर काकींनी तिथे लावलेलं अळू.

आता माझ्या एका कोपऱ्याला ओल आलीय, टाचण्या गंजल्यात. तरी मी मजेत आहे. तुमच्या टेकडीवर कोणी विचारायला आलं, तर खचलेलं लपवू नका बाबांनो. मी फसलो की तुम्हीच फसता.

परवा काकींनी रेवाला आणलं नि तिचं बोट माझ्या लालावर टेकवलं.

"ही बघ तुझी खोली."

रेवाने बोट काढलं नाही. म्हणाली, "आई, अळू पुन्हा लावू या."