टॉवरमधून दहा वजा

ए, वर बघ. तिकडे नाही रे, वर! मी बोलतेय, टॉवरवरचं घड्याळ. आता मी जे सांगणार आहे, त्यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव. लाव पैज. या गावात आजवर कोणाला जमलं नाही, तू कोण मोठा टिकोजीराव लागून गेलास!

गावाचं नाव नाही सांगत. नरडाण्याचं स्टेशन इथून जवळ, धुळं एका अंगाला, जळगाव दुसऱ्या अंगाला, एवढं पुरे. नाव सांगितलं तर उद्या कॅमेरा घेऊन येशील आणि कबुतरांनी माझ्या तोंडावर केलेली नक्षी आधी टिपशील.

गाव मला अक्का म्हणतं. जन्म विलायतेतला. लाकडी खोक्यात बसून बोटीनं आले, मग आगगाडीनं, मग बैलगाडीनं. खोक्यात गवत भरलेलं, ते बैलांनी वाटेत ओढून खाल्लं. म्हणून शेवटचा रस्ता मी खडखडत आणि शिव्या देत आले. शिक्षण विचारशील तर बारापर्यंत. बारावी नव्हे, बारा. पुढचे आकडे मला कोणी शिकवले नाहीत आणि त्यांच्यावाचून माझं काही अडलं नाही.

तिकडे थंडी, म्हणून माझा लंबक तिकडच्या हवेला बेतलेला. इकडे चैत्र लागला की माझ्यावरचा पत्रा असा तापतो की कबुतरं पाय उचलून उचलून चालतात. लोखंड तापलं की लांबतं. लंबक लांबला की झोके घेतो सावकाश, आणि मी मागे पडते. थंडीत आखडते आणि धावत सुटते. खालच्या म्हाताऱ्यांचे गुडघे थंडीत धरतात, माझं सगळंच उलटं.

म्हणून मला सांभाळायला माणूस लागतं. सध्या प्रमिलाबाई आहे. आधी तिचा सासरा मला किल्ली द्यायचा, मग नवरा, तो गेल्यावर नगरपालिकेनं हिला घेतलं. अंगानं भरलेली बाई. जिना चढायला लागली की माझ्या टिकटिकीपेक्षा तिचा दम मोठा वाजतो. वर आली की हँडल लावून वजनं वर ओढते आणि तिची अहिराणी सुरू, सगळा गाव उठला तरी मी निजलेलीच म्हणून.

"काय व अक्का, निजनी व्हती का? बठ्ठा गाव जागी गया!"

मशिनचं तेल संपलं की स्वतःच्या डोक्याचं तेल घालते. पावसाळ्यात माझ्या चाकांना जास्वंदाचा वास येतो. मला आवडतो.

आता ऐक दहा मिनिटांची गंमत. समोरचं कापडाचं दुकान पन्नालालशेठचं, घरही त्यालाच लागून. त्यांच्या वडिलांच्या काळात इथले व्यापारी सुरतेला माल आणायला जायचे आणि नरडाण्याची गाडी हमखास चुकवायचे. वैतागून शेठच्या वडिलांनी प्रमिलाच्या सासऱ्याला सांगितलं, "अक्काचा काटा जरा पुढे ढकल." त्यानं ढकलला. सगळे धावले, गाडी मिळाली. दोन दिवसांत गावाला कळलं की अक्का पुढे आहे, मग सगळे मनातल्या मनात कमी करून निवांत निघायला लागले. सासऱ्यानं आणखी ढकललं, गावानं आणखी कमी केलं. असं होत होत दहा मिनिटांवर दोघंही दमले आणि तिथंच थांबले.

तेव्हापासून इथलं पोरगं बेरीज शिकायच्या आधी 'टॉवरमधून दहा वजा' शिकतं. आता मोबाइल सगळ्यांकडे आहेत. पण मोबाइल काढायला हात पुसावा लागतो, वर बघायला नुसती मान पुरते.

पन्नालालशेठच्या बायकोनं, धापूबाईनं, मात्र या दहा मिनिटांवर आपलं सगळं पुण्य टांगलेलं. ती जैन, सूर्य बुडाल्यावर तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्यात गेल्या वर्षी तिनं वर्षीतप घेतला. म्हणजे एक दिवस कडक उपास, दुसऱ्या दिवशी फक्त दोनदा जेवण, तेही दिवस असताना, आणि असं सबंध वर्षभर. शेवटी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, उसाच्या रसानं पारणं. मध्ये एक घास जरी अंधारात गेला तरी व्रताला डाग. कवळी लावलेली बाई, वाऱ्यानं उडेल एवढी राहिलेली, पण एक दिवस चुकली नाही.

तिला सूर्य दिसत नाही. समोर तीन मजली कॉम्प्लेक्स उठलं तेव्हापासून तिच्या ओसरीवर सूर्य दुपारीच मावळतो. मोबाइलला ती हात लावत नाही. म्हणते, "त्याची बॅटरी गेली की अक्कल जाते." तिचा भरवसा माझ्यावर. या दिवसांत सूर्य बुडतो सातला दहा कमी असताना, आणि नेमके तेव्हाच माझे सातचे ठोके पडायचे. ठोके सुरू झाले की ताट संपवायचं, हात जोडायचे. कागद नको, गणित नको.

आणि नेमका आखाजीच्या तोंडावर नगरपालिकेत नवा साहेब आला.

बिचारा! गावात तोच एक, ज्यानं मला खरं मानलं. माझ्याकडे बघून ऑफिसात जायचा, तर दाराला कुलूप. मीटिंगला जायचा, तर खुर्च्या रिकाम्या. चार दिवसांत त्याचं डोकं फिरलं. "गावाला शिस्त नाही!" कोणीतरी भीत भीत सांगितलं, "साहेब, अक्कामधून दहा वजा करायचे असतात." साहेबानं त्याच दिवशी धुळ्याहून ज्योतीला बोलावलं.

ज्योती घड्याळजीची पोरगी, स्वतःही शिकलेली, हातात स्वच्छता. तिनं माझं पोट उघडलं आणि नाकाला पदर, नाही, ओढणी लावली.

"मावशी, यात खोबरेल घातलंय?"

"खोबरेल नही व माय," प्रमिला म्हणाली, "जास्वंदनं शे. महाग ऱ्हास ते!"

ज्योतीनं मला धुतलं, पुसलं, लंबकाखालचा नट फिरवून त्याची लांबी जमवली, आणि मोबाइलकडे बघत बघत काटे लावले. झाले मी खरी! आयुष्यात पहिल्यांदा. कसंसंच वाटलं बघ, दुसरीचं लुगडं नेसून लग्नाला गेल्यासारखं.

दवंडी द्यायला साहेबानं घंटागाडी फिरवली. भोंग्यावर सांगत होते, "टॉवरचं घड्याळ बरोबर केलं आहे, कोणीही दहा मिनिटं कमी करू नयेत." पण घंटागाडी दिसली की इथल्या बायका बादल्या घेऊन धावतात. अर्धं गाव कचरा टाकत होतं, उरलेल्यांना वाटलं, नवा टॅक्स आला. धापूबाई तेव्हा जैनांच्या स्थानकात महाराजसाहेबांचं, म्हणजे त्यांच्या मुनींचं, प्रवचन ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जी मजा झाली! नरडाण्याला जाणाऱ्या काळी-पिवळीचा छगन, त्यानं वर बघितलं, दहा वजा केले आणि आणखी एक चहा मागवला. गाडीतल्या लोकांनीही वर बघितलं, दहा वजा केले आणि त्याच्याच चहात वाटा मागितला. रेल्वे गेली निघून. शाळेत मास्तर आत, पोरं बाहेर. आणि ज्या कारकुनांना वेळेवर आणायला साहेबानं हा खटाटोप केला, ते नेहमीपेक्षा आणखी उशिरा आले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "आज तर लवकरच निघालो होतो!" मी हसले तर काटे थरथरतात, म्हणून गप्प राहिले.

पन्नालालशेठ ओट्यावर उभे राहून, माझी चाल बघायला गावात थांबलेल्या ज्योतीला म्हणाले, "बेटा, घड्याळ सुधरवलंस. आता गाव कोण सुधरवणार?"

"होईल सवय, शेठ. आठ दिवसांत."

"आठ दिवसांत इथे नवी चप्पल चावायची थांबत नाही."

असं म्हणून शेठ घरच्या सगळ्यांना गाडीत घालून जळगावला गेले, मेहरूणच्या सोयऱ्यांना पारण्याचं आमंत्रण द्यायला. धापूबाई मागे राहिली. आदल्या दिवशी उपास झालेला, त्या दिवशी जेवण. सकाळचं झालं होतं, संध्याकाळचं बाकी. घड्याळ बदललंय हे तिच्या कानावर घालायचं कोणाला सुचलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवला, पण ती कशाच्या आवाजावर जेवते हे त्याला ठाऊक नाही.

संध्याकाळी तिनं ओसरीवर पाट मांडला. मुगाची खिचडी, वर कढी. माझ्याकडे बघितलं आणि निवांत बसली, अजून ठोक्यांना बराच वेळ आहे म्हणून. एक घास घेते, चघळते, रस्त्यावरच्या बकरीशी बोलते, मग दुसरा घास.

मला इकडून ओसरी दिसते आणि तिकडून सूर्य. सूर्य कॉम्प्लेक्सच्या मागे शेतांवर टेकायला आलेला. हिच्या ताटात खिचडी. ज्योतीनं लावलेल्या खऱ्या वेळेनं माझे ठोके पडणार सूर्य बुडाल्यावर, चांगले दहा मिनिटांनी. तोवर ही बाई खात राहणार. वर्षभर पोट मारलं, आणि घात होणार कोणामुळे? माझ्यामुळे. मी खरी झाले म्हणून!

ओरडले मी. पण मला एकच ओरडणं येतं, तेही तास भरल्यावर. ठोक्यांची चाकं एका दांडीला अडकलेली असतात. तास भरला की दांडी उचलते आणि हातोडा सुटतो. मी अंग आखडलं. सोडलं. पुन्हा आखडलं. आत काहीतरी खट् झालं.

ठण्ण!

धापूबाईचा हात थांबला. दुसऱ्या ठोक्याला ताटातला राहिलेला घास तोंडात. कढीची वाटी पाठोपाठ. मग तिनं ताटात पाणी ओतलं, बोटानं फिरवून ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. त्यांच्यात अन्नाचा कण वाया घालवत नाहीत. सातवा ठोका पडला तेव्हा तोंड पुसून हात जोडलेले. सूर्य त्यानंतर बुडाला. बघ, अंगावर काटा आला ना? मला दोनच काटे आहेत, पण तेही उभे राहिले.

खाली चौकात मात्र गलका! काटे म्हणतात सातला दहा कमी, ठोके म्हणतात सात. छगननं शिट्टी मारली. "अक्का परत पुढे! अक्का परत पुढे!" लोक अशा खुशीत की जणू माहेरवाशीण परत आली. ज्योती हॉटेलात शेवभाजी खात होती. ती तशीच धावत आली, डोळ्यांत पाणी, आता ते तिखटाचं की अपमानाचं, देव जाणे. एवढं काम केलेलं, आणि सगळं गाव हसतंय.

"काय झालं गं, बाई?" ओसरीवरून धापूबाईनं विचारलं.

"आजी, घड्याळानं दहा मिनिटं आधी सात वाजवले!"

"आधी कुठे? रोज तेव्हाच वाजतात. सूर्य बुडायच्या टायमाला."

"ते जुनं, आजी. काल मी बरोबर केलं. आता सात वाजता सात वाजणार."

धापूबाईनं उचललेला पाट पुन्हा खाली ठेवला. "मग आज ठोके पडले नसते तर?"

ज्योतीनं धुतलेलं ताट बघितलं. मोबाइलमध्ये सूर्यास्त बघितला.

थोड्या वेळानं ती आणि प्रमिला वर आल्या. ज्योतीनं आत बॅटरी मारली. ठोक्याची दांडी वाकलेली होती.

"पारवानं काम शे ते," प्रमिला म्हणाली. कबुतरावर ढकललं! माझ्या कष्टाचं श्रेय त्या घाणेरड्या पाखराला!

ज्योतीनं पक्कड दांडीला लावली. एक पीळ दिला की झालं असतं. तिनं खिडकीतून खाली बघितलं. धापूबाई ओसरीवर माळ घेऊन बसली होती.

"मावशी, आखाजीपर्यंत राहू द्या असंच. काटे बरोबर आहेत."

"आन् सायेब?"

"साहेब काटे बघतात. ठोके कोण मोजतंय!"

आखाजी आली. गावभर झोके बांधले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत आभाळाला पाय लावत होत्या. शेठच्या दारात मांडव. धापूबाईनं उसाच्या रसाचा पहिला घोट घेतला तेव्हा तो रांगडा पन्नालालशेठ मांडवाच्या खांबामागे जाऊन रडला, मला वरून दिसतं सगळं. ज्योतीला धुळ्याहून मुद्दाम बोलावलेलं. तिला आमरस वाढताना शेठ म्हणाले, "आता कर बेटा ते ठोके सरळ. तुझं काम अडवून ठेवलं आम्ही."

ज्योतीनं हात धुतले, पिशवीतून पक्कड काढली आणि जिन्याकडे निघाली.

"थांब गं," धापूबाईनं हाक मारली. "मी महाराजसाहेबांपाशी सकाळीच दुसरा वर्षीतप घेतलाय."

"दुसरा?" शेठ मटकन खुर्चीत बसले. "अगं, आधी मला तरी विचारायचं!"

"तुम्हाला विचारून कधी भूक लागली मला?"

ज्योती हसली. तिनं पक्कड पिशवीत टाकली आणि आमरसाची वाटी पुन्हा पुढे केली.

तर अशी आहे मी सध्या. काटे खरे, ठोके पुढे. डोळ्यांनी बघशील तर काही वजा करू नकोस, कानांनी ऐकशील तर कर. गावाला अजून ते जमलेलं नाही. कोणी काट्यातून वजा करतं, कोणी दोन्हीतून, आणि छगननं तर गाडीत स्वतःचं घड्याळ लावलंय, तेही मागे आहे. तुला जमलं तर एक कर. धुळ्याकडे गेलास तर ज्योतीच्या दुकानात सांग, अक्काला जास्वंदाचं तेल चालतं, तिनं धाडलेल्या पातळ तेलाला वासच नाही.

काय बघतोस असा? खाली धापूबाईनं पाट मांडलाय आणि सूर्य उतरायला लागला. मला काम आहे. चल, जा आता.