न येण्याचं कारण

चर्चला येणं सोडलेल्यांची यादी करून फादरांनी गल्ल्या वाटून दिल्या, तेव्हा बाईंच्या वाट्याला सुतारांची गल्ली आली. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं हजेरी घेतलेली. गैरहजर माणूस दिसला की त्यांची भुवई अजूनही आपोआप वर जायची. यादीत सातवं नाव त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं. फादर नवे, त्यांना काय ठाऊक! गल्ली बदलून घेता आली असती. पण बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती आणि साठी दोघांचीही उलटली होती. भाऊ परत हवा होता, एवढं बाईंना पक्कं कळत होतं.

सहा घरं झाली. चार ठिकाणी चहा, एका ठिकाणी कुत्रं, एका ठिकाणी "येऊ की, येऊ की", म्हणजे न येण्याची खात्रीच.

सातव्या दारात भाऊ फळीवर रंधा मारत होता.

"बस. ते स्टूल डुगडुगतं, दुसरं घे."

बाईंनी फादरांनी दिलेला कागद काढला. "न येण्याचं कारण?" आवाज नेमका वर्गातला निघाला आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"तुला माहीत नाही?"

माहीत होतं. आईला पुरल्यानंतरचा पहिला रविवार. मिस्सात, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. सगळं चर्च शेजाऱ्याचा हात हातात घेत होतं. भावानेही हात पुढे केला. आई गेली तेव्हा हा कामासाठी बाहेरगावी होता, तेच बाईंच्या डोक्यात घोळत होतं. त्यांनी आपले हात जोडलेलेच ठेवले. मागच्या तीन बाकांनी ते पाहिलं. भाऊ उठून गेला तो गेलाच, आणि बाईंनी मात्र ताठ मानेने वेदीपुढे जाऊन कम्युनियनची पवित्र भाकर घेतली. त्याची लाज त्यांना फार उशिरा वाटली.

त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "थोरल्या बहिणीने भर चर्चमध्ये शांती नाकारली. चूक बहिणीची." खाली सही ठोकली.

"फादर वाचतील हे."

"वाचू देत. चुकलं माझं, दादू."

भावाने रंधा बाजूला ठेवला. "अर्धंच लिहिलंस, ताई. मी बाहेरगावी नव्हतो. दवाखान्यातच होतो, जिन्यात बसलेला. आईला तसं बघायची हिंमत झाली नाही."

बाईंना रडू आवरेना. आईच्या उशाशी आपण दाराकडे डोळे लावून बसलो होतो आणि हा एक मजला खाली एकटाच बसला होता. त्यांनी डोळे पुसले. "हे लिहू?"

"नको. मी सांगेन फादरांना. कन्फेशन कधी असतं हल्ली?"

"शनिवारी पाचला," बाई म्हणाल्या. "रांगेत माझ्या पुढे उभा राहा. मला जास्त वेळ लागेल."